प्रायोगिक उपचारांसाठी मुलाला परदेशी नेताना आईला तिथे नेमकं काय करावं लागतं?

ऐरोलीच्या ताई, तुमच्या 12 वर्षांच्या मुलाचा ब्लड कॅन्सर दुसऱ्यांदा उलटलाय, डॉक्टरांनी बाहेरची कार-टी ट्रायल (रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी लॅबमध्ये बदलून कॅन्सरशी लढायला परत देतात, त्या उपचाराची चाचणी) सुचवलीय आणि तुम्ही एकट्याच जाणार आहात, असं तुम्ही लिहिलंय. मी ठाण्याची, पाचपाखाडीतली. 2019 मध्ये 13 वर्षांच्या लेकीला घेऊन अशाच ट्रायलसाठी अमेरिकेला गेले होते. नवरा धाकट्याची शाळा आणि नोकरी धरून इथेच राहिला.

तिकीट काढण्याआधी खारघरला ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात, विचारून या. आम्ही गेलो तेव्हा ही थेरपी भारतात नव्हतीच. जून 2021 मध्ये तिथे ती पहिल्यांदा दिली गेली आणि आयआयटी मुंबईत जन्मलेल्या नेक्सकार19 या देशी कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली. ती 15 वर्षांपुढच्यांसाठी आहे, पण लहान मुलांची ट्रायल चालू आहे का, हे विचारायला काय जातं? पनवेल लोकलने जाऊन दुपारपर्यंत परत याल.

पैशांचं थोडक्यात. खऱ्या ट्रायलमध्ये प्रायोगिक औषधाचे पैसे सहसा मागत नाहीत; राहणं-खाणं-विमान मात्र बहुतेक वेळा आपलं. 'ट्रायल' म्हणत कोणी लाखांचं पॅकेज पुढे केलं तर अमेरिकी सरकारच्या ट्रायल-नोंदणीतला, एनसीटीने सुरू होणारा नंबर मागा. नंबर आहे म्हणजे उपचार चांगलेच असं नव्हे, पण तो द्यायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

तिथे मुलालाही सगळं समजावून त्याची संमती घेतात. लेकीने विचारलं, "मध्येच नको वाटलं तर?" डॉक्टर म्हणाले, कधीही थांब. ते खरं आहे, फक्त पेशी एकदा अंगात सोडल्या की परत काढता येत नाहीत. हे मुलाला तुम्हीच सांगा, परक्याकडून कळू देऊ नका.

रक्तातून पेशी काढल्या, त्या लॅबमध्ये गेल्या, आम्ही कित्येक आठवडे वाट बघितली. मग छोटीशी पिशवी आली आणि काही मिनिटांत संपलीही. पेशी गोठवताना घालतात त्या रसायनाचा वास येतो. लेक म्हणाली, "आई, लसणाची फोडणी कोणी दिली?"

खरं काम त्यानंतर. या उपचारात ताप चढतो आणि कधीकधी मेंदूवर परिणाम होतो. तो लवकर कळावा म्हणून मुलाकडून रोज एक वाक्य लिहून घेतात. हव्या त्या भाषेत लिही म्हणाले, तर हिने लिहिलं, 'मला तलावपाळीची भेळ आवडते.' रोज तेच. नर्सला मराठी कुठली येणार, ती माझ्याकडे बघायची.

सहाव्या दिवशी ताप 40 सेल्सिअसवर, म्हणजे आपल्या 104 वर. त्या सकाळी चारही शब्द बरोबर होते, पण शिरोरेषा नव्हती. पट्टीने आखल्यासारखी शिरोरेषा देणारी माझी पोर! नर्सला वाक्य ठीकच दिसलं. मी म्हटलं, नाही, हे हिचं नाही. लगेच डॉक्टर आले, शंभरापासून दहा-दहा कमी करत मोजायला लावलं, ही सत्तरवर अडकली. स्टेरॉइड सुरू झालं. तिसऱ्या दिवशी शिरोरेषा परत आली, थोडी वाकडी.

तिथे डॉक्टर, नर्स, मशीन सगळं होतं. ती एरवी कशी असते, हे मात्र फक्त मला ठाऊक होतं. तुम्हाला जायचंय ते याच कामासाठी. म्हणून झोप घ्या. नवऱ्याचा फोन तिथल्या रात्री साडेआठला यायचा, इथे सकाळचे सहा. तो ठेवला की मी आडवी व्हायचे.

लेक आता कॉलेजला जाते. पुढे धाकट्याचा बोनमॅरोही लागला तिला. त्या वॉर्डातल्या सगळ्या मुलांचं असं झालं नाही, म्हणून भरवसा मी देणार नाही.

मुलाचं वाक्य मात्र इथूनच ठरवून न्या. छोटं, एखादं जोडाक्षर असलेलं. आणि बरा असतानाचं त्याच्या अक्षरातलं एक पान सोबत ठेवा, ताडून बघायला.