पर्थमध्ये जूनच्या पहिल्या सोमवारी सुट्टी कसली असते? ऑस्ट्रेलिया डे तर जानेवारीत झाला ना?

तुम्ही नुकत्याच पर्थला आलाय, विचारणारच. आमच्या दाजींना मेलबर्नमध्ये अकरा वर्षं काढून हे माहीत नव्हतं.

ही सुट्टी वेस्टर्न ऑस्ट्रेलिया डेची. 2012 पर्यंत तिला फाउंडेशन डे म्हणायचे. जून 1829 मध्ये कॅप्टन जेम्स स्टर्लिंग 'पार्मेलिया' जहाजातून पहिली कुटुंबं घेऊन इथल्या किनाऱ्याला आला आणि स्वान रिव्हर कॉलनी सुरू झाली. त्याची ही आठवण, फक्त आपल्या राज्यात. 26 जानेवारी, म्हणजे ऑस्ट्रेलिया डे, ही सिडनीची गोष्ट, 1788 मध्ये तिथे वसलेल्या कैद्यांच्या वसाहतीची.

आता दाजी. मी ताईला मेसेज केला, "जूनच्या लाँग वीकेंडला या, इथे सुट्टी आहे." दाजींनी तिकिटं काढली दुसऱ्या सोमवारची, कारण मेलबर्नला तेव्हा राणीच्या वाढदिवसाची सुट्टी (तेव्हा राणी होती). आमच्याकडे ती सुट्टी जूनमध्ये नसतेच, सप्टेंबरच्या शेवटी असते, कारण जून आधीच अडलेला. चार तासांचं विमान करून मंडळी आली आणि सोमवारी सकाळी बघतात तर मी डबा भरतोय, पोरं गणवेशात, बाहेर धो धो पाऊस. दाजी सोफ्यावर चहाचा कप घेऊन म्हणाले, "राणीचा वाढदिवस देशभर एकच असतो रे." नसतो, दाजी. राणी जन्मली एप्रिलमध्ये, हे तरी कुठे जुळतंय?

रात्री जेवताना वर टोमणा: "चोरांच्या वसाहतीला कसली आलीय स्थापना!" हे मात्र मी आजही सोडलेलं नाही. स्वान रिव्हर कॉलनी कैद्यांनी वसवलेली नाही. इथे मोकळे लोक जमिनीच्या आशेने आले. कैदी आले 1850 मध्ये, तेही कामाला माणसं मिळेनात म्हणून इथल्याच लोकांनी मागवले. सिडनीचं खातं आमच्या नावावर टाकू नका. बाकी पाहुण्यांची आबाळ मात्र इथली जुनीच: स्टर्लिंगने जहाज स्वतः आत आणायला घेतलं आणि वाळूच्या पट्ट्यावर चढवलं. बायकापोरांना ऐन हिवाळ्यात कार्नाक बेटावर दिवस काढावे लागले. आमच्या दाजींना निदान गाद्या मिळाल्या.

त्या दिवशी करायचं काय, तर नदीकाठी कार्यक्रम असतात, जेवणाचे स्टॉल लागतात, छत्री न्या. ताईच्या धाकट्याला मी नदीतल्या हेरिसन बेटावरचा यागनचा पुतळा दाखवला होता, तोही बघा. हा नूंगार (म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी) योद्धा 1833 मध्ये मारला गेला, त्याचं डोकं इंग्लंडला नेलं, ते परत यायला 1997 उजाडलं. पुढच्याच वर्षी, 1834 मध्ये, पिंजाराला नूंगार लोकांवर गोळीबार झाला, तेव्हा सैनिकांच्या पुढे स्टर्लिंग स्वतः होता. त्यामुळे सुट्टी जरूर घ्या, स्टर्लिंगचं कौतुक माझ्याकडून नाही.

आणि हो, मेसेजमध्ये मी तारीख घातली नव्हती, हे खरं आहे. ताई तो मेसेज अजून जपून ठेवते. पण जून म्हटलं होतं, दाजी, आणि इथे जूनमध्ये सुट्टी एकच असते.