खारी विहीर निवळ आणि गोडं शेततळं गढूळ, असं का?

तुम्ही विचारलंय की अमरावती जिल्ह्यात दर्यापूरकडे तुमचं अस्तर नसलेलं शेततळं आहे, त्यात पावसाचं गोडं पाणी साठलंय, पण पंधरा दिवस झाले तरी ते गढूळच आहे. शेजारच्या विहिरीचं खारं पाणी मात्र आरशासारखं. असं का, आणि तुरटी किती टाकायची?

भाऊ, विहिरीचं पाणी जमिनीतून गाळून येतं हे खरं, पण ते निवळ राहतं त्याला त्याचा खारेपणाही कारण आहे. मी नळयोजनेच्या शुद्धीकरण केंद्रावर चौदा वर्षं ऑपरेटर आहे. गावच्या शाळेत मी मुलांना एकदा हे करून दाखवलं होतं. एकाच शेतातली चिमूट-चिमूट माती दोन ग्लासांत टाकली, एकात पावसाचं पाणी, दुसऱ्यात विहिरीचं खारं. ढवळून ठेवलं. खारं पाणी मधल्या सुट्टीपर्यंत निवळलं, पावसाचं दुसऱ्या दिवशीही तसंच होतं.

आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती फार बारीक. एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण अगदी स्थिर पाण्यात एक मीटर खाली यायला दहा-बारा दिवस घेतो. त्याच्या दहाव्या भागाएवढ्या कणाला तीनेक वर्षं लागतील. असे कण एकमेकांना चिकटून मोठे झाले तरच बसतात, आणि तेच होत नाही, कारण सगळ्यांवर ऋणभार असतो. जवळ आले की दूर ढकलले जातात. पाण्यात क्षार भरपूर असले की त्यांतले धनभारित आयन, म्हणजे पाण्यात विरघळलेले भार असलेले सूक्ष्म कण, मातीच्या कणाभोवती दाटतात, ढकलण्याचा पल्ला आखडतो, आणि कण चिकटतात. अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या मातीत सोडियम जास्त. पावसाचं बिनक्षाराचं पाणी लागलं की ती माती विरघळल्यासारखी सुटी होते. म्हणून तुमचं तळं असं.

सोडियमवर एकच धनभार, कॅल्शियमवर दोन, तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर तीन. हा फरक दिसतो त्याहून फार मोठा आहे. हान्स शुल्झे यांनी १८८२ मध्ये दाखवलं की भार वाढला की कण चिकटवायला लागणारं क्षाराचं प्रमाण झपाट्याने घटतं. पुढच्या सिद्धांतानुसार एकच्या जागी तीन भार असतील तर सुमारे सातशेपट कमी पुरतं. शिवाय ॲल्युमिनियमचा पाण्यात चिकट, कापसासारखा साका होतो आणि तो गाळाला कवेत घेऊन खाली बसतो. शेतात जिप्सम टाकतो त्यामागे कॅल्शियमचाच हिशेब आहे, पण पाण्यात ते जास्त लागतं आणि पाणी जड होतं.

आता तुरटी. तळ्यात टाकू नका, टाकीत पाणी घेऊन टाका. किती, हे माझ्या अंदाजावर ठरवू नका, तुमचं पाणीच सांगेल. १० ग्रॅम तुरटी एक लिटर निवळ पाण्यात विरघळवा. या द्रावणाच्या १ मिलीत १० मिलिग्रॅम तुरटी येते. एकेक लिटर गढूळ पाण्याची सहा भांडी मांडा, बिनसुईच्या सिरिंजने १, २, ३ असं ६ मिलीपर्यंत टाका. एक मिनिट जोरात ढवळा, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी हळू. इथे बहुतेकांचा हात घाई करतो! जोरात ढवळत राहिलात तर जुळलेले गोळे फुटतात. अर्धा तास ठेवा. ज्या सर्वांत कमी डोसला पाणी निवळलं, तोच तुमचा. ३ मिलीला निवळलं तर हजार लिटरला ३० ग्रॅम.

जास्त टाकून जास्त निवळत नाही. डोस जास्त झाला तर कणांवर उलटा, धनभार चढून ते पुन्हा तरंगायला लागतात, पाणी आंबट होतं, ॲल्युमिनियमही मागे राहू शकतं. भारतीय मानकात त्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम आहे. दुसऱ्या दुकानातली तुरटी आणली किंवा मोठा पाऊस झाला, तर चाचणी पुन्हा करा.

निवळलेलं पाणी वरून काढून घ्या आणि त्यानंतरच टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर टाका, ३३ टक्के क्लोरीनवाली असेल तर हजार लिटरला ५ ग्रॅम. गढूळ पाण्यात टाकलीत तर गाळाआड जंतू लपून राहतात. अर्धा तास थांबून मगच प्यायला भरा. आणि विहिरीचं पाणी निवळ दिसतं म्हणून लेकरांना देऊ नका, त्यातले क्षार तुरटीने जात नाहीत.