फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो

प्रश्न : ताई नमस्कार. मी औसा तालुक्यातला, वय २३, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. पहिल्या दोन इंटरव्ह्यूत मी गप्पच बसलो. मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात छोटं माप, विचारला, वर्कशॉपमधे रोज हातात धरलेली वस्तू, पण घशाला कोरड अन् तळहाताला असा घाम की फाईलचं प्लॅस्टिक चिकटत होतं. उत्तर ०.०१ मिलिमीटर आहे, ते बाहेर आल्यावर जिन्यातच आठवलं. तिसऱ्या वेळी वाळूजला कंपनीच्या गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढं केलं, पेन हातात घेतला आणि म्हणलो आलोच झेरॉक्स काढून, अन् थेट बसस्टँड गाठलं. घरी सांगितलं इंटरव्ह्यू बरा झाला. वडलांनी सोयाबीन विकून क्लासची फी भरलीय, ते रोज विचारतात कॉल आला का. मित्र म्हणतो एक गोळी असते, घेतली की धडधड बंद, घेऊ का? आणि मी 'जाऊलालो करूलालो' असं बोलतो, तिकडं हसतील याचं पण टेन्शन आहे.

उत्तर : तू म्हणते तुला, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस. आधी गोळीचं सांगते कारण ते थांबवायचंय. मित्र ज्या गोळीबद्दल बोलतोय ती बहुतेक बीटा ब्लॉकर, प्रोप्रॅनोलॉल वगैरे असेल. ती डॉक्टर देतात, नाही असं नाही, पण दम्याच्या माणसाला ती धोक्याची ठरू शकते, बीपी आणि नाडीचे ठोके खाली आणते. मित्राच्या खिशातली गोळी घ्यायची नाही म्हणजे नाही. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना दाखवून त्यांनी लिहून दिली तर.

आता मायक्रोमीटर. उत्तर तू मला पत्रात लिहून पाठवलंस, म्हणजे तुझा अभ्यास कच्चा नाहीये हे आधी डोक्यात पक्कं कर. चार लोक टेबलापलीकडं बसून बघायला लागले की शरीराला वाटतं संकट आलं, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, तोंड सुकतं, पोटात गोळा येतो, आणि मनाची जी जागा उत्तर शोधायला लागते ती 'मी कसा दिसतोय, हे काय म्हणतील' यानेच भरून जाते. म्हणून ते जिन्यात आठवलं, तिथं कुणी बघत नव्हतं. अशा वेळी गप्प राहण्यापेक्षा 'सर, एक मिनिट द्या, आठवून सांगतो' असं म्हणायचं. याचे मार्क कुणी कापत नाही. खरंच येत नसेल तर 'हे मला येत नाही सर' एवढं सरळ सांगायचं.

पण मला सगळ्यात जास्त काळजी त्या गेटची वाटली. पेन खाली ठेवून तू वळलास तेव्हा एकदम मोकळं वाटलं असणार, बसमधे बसल्यावर श्वास खाली आला असणार. तेच घातक आहे रे. मनाने काय शिकून घेतलं, की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती गेटवर नाही, लातूरच्या स्टँडवरच गाठेल, त्यापुढं कॉल आला की फोनच उचलवणार नाही. भीती आधी जाईल आणि मग मी इंटरव्ह्यूला जाईन असं होत नाही, धडधडत्या छातीनेच आत जाऊन बसावं लागतं, आणि बसलं की थोड्या वेळाने ती आपोआप उतरते, हे अंगाला चार-पाच वेळा कळावं लागतं.

त्यासाठी एकदम मोठ्या कंपनीत नको जाऊस. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचे रोजगार मेळावे होतात, तिथं जा, जी नोकरी नाही मिळाली तरी चालेल अशा दोन-तीन ठिकाणी मुद्दाम इंटरव्ह्यू दे. त्याच्या आधी, तुला न ओळखणाऱ्या एखाद्या सरांसमोर किंवा एमआयडीसीत काम करणाऱ्या गावातल्या दादासमोर खुर्ची टाकून बस आणि उत्तरं मोठ्याने बोल. मनातल्या मनात नाही, मोठ्याने! मनात म्हणलेलं वाक्य सगळ्यांचंच छान असतं, जीभ अडते ती बोलताना. 'स्वतःबद्दल सांगा' याला दीड मिनिट पुरतं, गाव, डिप्लोमा, कुठल्या मशीनवर हात बसलाय आणि प्रोजेक्टमधे तू स्वतः काय केलंस, बास. वडील काय करतात ते पण सांग, शेती लपवायची गोष्ट नाहीये.

श्वासाचं पण बघ. चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाहेर सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके जरा सावकाश होतात. हे आजपासून रोज रात्री कर, गेटवर पहिल्यांदा करायला गेलास तर जमणार नाही. आणि स्वतःला 'घाबरू नको' म्हणत बसू नको. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली एक अभ्यास मांडला होता, लोकांसमोर बोलायच्या आधी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मी उत्साहात आहे' म्हणणारे चांगलं बोलले, कारण धडधड दोन्हीत तीच असते, तिला नाव फक्त वेगळं दिलं. रात्रभर ट्रॅव्हल्समधे जागून सकाळी उपाशीपोटी तीन चहा मारून जायचं तर अजिबातच नाही, चहाने धडधड वाढते. आदल्या दिवशी जा, कुणाच्या तरी रूमवर झोप, सकाळी पोहे का होईना खाऊन निघ.

बोलीचं म्हणशील तर मी नांदेडची आहे. पुण्यात पहिल्या नोकरीत माझ्या बोलण्याची नक्कल झालेली आहे, वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. महिनाभर मी तोंड मिटून काम केलं आणि त्यात नुकसान माझंच झालं, शंका विचारायच्या राहून गेल्या. वाळूजच्या शॉपफ्लोअरवर आपल्याकडचीच कितीतरी पोरं आहेत. तू सावकाश, पूर्ण वाक्यात बोल, 'जाऊलालो' निघालं तर निघू दे, पुढचं वाक्य सुरू कर.

आणि वडलांना खरं सांग, आज जेवताना सांग. चिडतील, एखादा दिवस बोलणार नाहीत. पण पुढच्या इंटरव्ह्यूला तू भीतीबरोबर हे खोटं पण उचलून नेणार आहेस, एवढं वजन नको.

प्रश्न : जॉबला लागून सहा महिने झाले, क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. रविवारी संध्याकाळपासून पोटात कालवतं, रात्रभर झोप नाही, जेवण तुटलंय, दोनदा लाईनवर छातीत धडधड होऊन वाटलं आता मरते. घरचे म्हणतात नोकरी सोड, लग्न करू. (एक मुलगी, परभणी)

उत्तर : अगं, नोकरी आणि लग्न दोन्हीचा निर्णय आत्ता नको. आधी डॉक्टरकडे जाऊन ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड बघून घे. रक्त कमी असलं किंवा थायरॉईड वाढलेलं असलं तरी अशीच धडधड होते, आपल्या पोरी हे अंगावर काढतात. ते सगळं नॉर्मल आलं तर हे पॅनिक अटॅक असू शकतात. ते फार भयंकर वाटतात पण साधारण दहा मिनिटांत शिगेला जाऊन उतरायला लागतात. मग जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा, किंवा आज रात्री झोप नाही लागली तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनला १४४१६ वर फोन कर, चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि मला एवढं परत लिहून कळव, ही भीती चूक होण्याची आहे का कुणी एक माणूस आरडाओरडा करतो त्याची. माणसाची असेल तर तारीख, वेळ, काय बोलला ते वहीत लिहायला आजच लाग.