चौथीचं वर्णनलेखन: नव्या शिक्षिकेला सल्ला

मॅडम, 'माझी शाळा' फळ्यावर लिहून देणं आधी थांबवा. त्याने अख्ख्या वर्गाच्या वह्यांत एकच निबंध येतो आणि प्रत्येक वाक्य 'आहे'वर संपतं.

सुरुवात हातात धरता येईल अशा वस्तूने करा. मी टरफलासकट वाळलेली चिंच वाटते. पाच मिनिटं नुसतं बघायचं, हुंगायचं, कानाशी हलवायचं. मग बोलायचं, लिहिणं त्यानंतर. कुणीतरी म्हणतंच, "बाई, आत चिंचोके खुळखुळतात." तो शब्द तसाच फळ्यावर घ्या. 'छान', 'सुंदर' आलं की विचारा, म्हणजे कसं? खरबरीत, चिकट, आंबूस हे सगळं मुलांकडे असतंच. घरच्या बोलीतला शब्द आला तर कृपा करून खोडू नका.

वाक्यांसाठी तास वेगळा ठेवा. 'चिंच पडली. मी उचलली. मी फोडली.' एवढं लिहून मुलांना जोडू द्या. 'पडलेली चिंच उचलून मी फोडली.' 'चिंच पडताच मी धावलो.' ही रूपं मुलं बोलताना सर्रास वापरतात, वहीत मात्र येत नाहीत. व्याकरणातली नावं सांगायची घाई नको. शब्द पुढेमागे करूनही पाहा: 'फोडली मी चिंच!' जोर कुठे गेला, हे त्यांना बरोबर कळतं. छोटं वाक्यही चालतं हे मुद्दाम सांगा, नाहीतर 'आणि... आणि...'ची रांग लागते.

वही तपासताना प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घाला लाल गोल नको. एक चांगलं वाक्य अधोरेखित करा आणि ते त्या मुलालाच मोठ्याने वाचायला सांगा.