पराक्रम आणि गैरफायदा असे दोन्ही अर्थ असलेला इंग्रजी शब्द कोणता?

तो शब्द ‘एक्सप्लॉइट’. नाम म्हणून, बहुधा अनेकवचनात, तो वापरला की साहसी कृत्य किंवा पराक्रम असा अर्थ होतो आणि उच्चारात आघात सुरुवातीच्या ‘एक्स’वर येतो, क्रियापद म्हणून मात्र आघात ‘प्लॉइट’वर सरकतो आणि अर्थ गैरफायदा घेणे, शोषण करणे असा होतो. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ नुसता ‘उलगडणे’ असा आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या रूपात ‘साध्य केलेली गोष्ट’ हा भाव होता. क्रियापद नेहमीच निंदाव्यंजक नसते, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते: खनिजांचा किंवा संधीचा पुरेपूर उपयोग करून घेण्यालाही तेच चालते. संगणक-सुरक्षेत तर सॉफ्टवेअरमधील त्रुटीचा फायदा उठवणाऱ्या कोडला हेच नाम लावतात.