झेंडा धरू का, असं विचारलंस म्हणून

अगं, तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला, मी जागाच होतो, पण दोन ओळीत उत्तर देण्यासारखं ते नव्हतं म्हणून आज सकाळी चहा घेऊन लिहायला बसलोय. मराठीत लिहितोय, कारण रविवारच्या वर्गात तुला जोडाक्षरं मीच शिकवलीत. अडलीस तर आईला विचार, गूगलला नको.

तर इंग्लंडचा पालक संत सेंट जॉर्ज, त्याच्या दिवसाची स्काउटची परेड आहे, लीडरने तुला सगळ्यात पुढे त्याचा लाल क्रॉसचा, म्हणजे इंग्लंडचा झेंडा घेऊन चालायला सांगितलंय, आणि तुझं काही ठरत नाहीये. तोच झेंडा २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोणीतरी शिडी लावून आपल्या रस्त्यावरच्या खांबांना बांधून गेलं, आता त्याच्या चिंध्या लोंबतायत, आणि त्याखालून शाळेत जाताना तुला वाटतं की हा माझ्यासाठी नाही, मला दाखवायला बांधलाय. मैत्रीण म्हणते धरलास तर तू त्या झेंडे टांगणाऱ्यांतली. बाबा म्हणतात कशाला नसत्या भानगडीत, परीक्षा तोंडावर आलीय. आणि सगळ्यात शेवटी तू विचारलंयस, काका, मी इंग्लिश आहे का?

हे मी कोण सांगणार, जनगणनावाल्यांना नाही जमलं. २०११ च्या फॉर्मवर राष्ट्रीय ओळखीच्या रकान्यात 'इंग्लिश' सगळ्यात वर छापलं होतं, तेव्हा इंग्लंड आणि वेल्स मिळून ५७.७ टक्के लोकांनी फक्त इंग्लिशवर खूण केली. २०२१ ला इंग्लंडच्या फॉर्मवर 'ब्रिटिश' उचलून वर ठेवलं, आणि फक्त इंग्लिश म्हणणारे उरले १४.९ टक्के! दहा वर्षांत माणसं बदलली नाहीत गं, रकाना बदलला. म्हणजे ज्यांच्या खापरपणज्या इथल्या मातीत पुरल्यात त्यांचीही ओळख कागदावर कुठला चौकोन आधी दिसतो त्यावर हलते, आणि तू सतराव्या वर्षी रात्री जागून आपण कोण ते ठरवायला बसलीस. ते सोड. खुर्च्या मांड. सण खुर्च्या मांडणाऱ्याचा असतो. कसल्या खुर्च्या ते सांगतो, जरा दम धर.

आणि ते दर एप्रिलला फिरणारं चित्र मला पुन्हा पाठवू नकोस, सेंट जॉर्ज तुर्की होता, आज आला असता तर बोटीतूनच परत पाठवला असता वगैरे. टोमणा म्हणून ठीक आहे. घराणं कपाडोकियातलं म्हणतात, आज तो भाग तुर्कस्तानात आहे पण तेव्हा तिथे तुर्क आलेच नव्हते. परंपरेप्रमाणे ३०३ साली रोमन बादशहाने मारला, कबर आजच्या इस्रायलमधल्या लोडला दाखवतात, ड्रॅगन त्याला कित्येक शतकांनी चिकटला, आणि इंग्लंडात त्याने पाऊल टाकल्याचा काही पुरावा नाही. कॅटलोनियात त्याच्या दिवशी पुस्तकं आणि गुलाब देतात, जॉर्जिया देशाचा संत तोच, केरळात पुदुपल्लीला त्याचंच मोठं चर्च आहे. इथल्या लोकांना हे माहीत नसतं असं समजू नकोस. त्यांच्याकडे एडमंड नावाचा स्वतःचा राजा संत होता, ८६९ मध्ये डेन लोकांनी मारलेला, घरचाच माणूस. तरी हळूहळू हा बाहेरचा पुढे गेला, कारण एडवर्ड तिसऱ्याने १३४८ च्या सुमारास ऑर्डर ऑफ द गार्टर हे सरदारांचं मंडळ काढलं, विंडसरला त्याच्या नावाच्या चॅपलची व्यवस्था लावली, वर्षानुवर्षं कोणीतरी त्याचा दिवस पाळत राहिलं. आता जे चॅपल आहे ते १४७५ ला बांधायला घेतलेलं. आपल्या स्लाऊवरून ट्रेनने एक स्टेशन, सहा मिनिटं, एकदा जाऊन ये. आत प्रत्येक सरदाराची ठरलेली बैठक आहे. माणूस गेला की त्याचं निशाण उतरवतात, पण बैठकीच्या मागे ठोकलेली पितळी पाटी तशीच राहते. तिथेसुद्धा शेवटी खुर्च्याच, बघ!

माझ्या आजीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली एक गिनी होती. घोड्यावर उघडावाघडा माणूस, डोक्यावर शिरस्त्राण, हातात तलवार, खाली मगरीसारखं काहीतरी तडफडतंय. आजी त्याला खंडोबा म्हणायची. चंपाषष्ठीला त्या गिनीला भंडारा लावायची, आणि म्हणायची बाकी सगळं बरोबर काढलंय, कुत्रा तेवढा विसरला मेला. ती गेल्यावर गिनी माझ्याकडे आली, इथे आल्यावर एकदा भिंग लावून पाहिली तर घोड्याखालच्या जमिनीच्या पट्टीत एक बारीक इंग्रजी 'आय' अक्षर. शोधलं तेव्हा कळलं की १९१८ मध्ये मुंबईत रॉयल मिंटची शाखा होती, तिथे अशी तेरा लाखांच्या आसपास नाणी पाडली, तो 'आय' इंडियाचा. चित्र काढलेलं पिस्त्रुची नावाच्या इटालियन माणसाने, १८१७ साली. पिवळा रंग त्या अक्षराच्या खाचेत अजून आहे. घरी आलीस की दाखवतो. आजीला कोणी विचारलं नाही की बाई, हा तुझा देव आहे का. तिने भंडारा लावला आणि झाला तिचा.

आता माझं ऐक. मी १९८१ च्या मार्चमध्ये आलो, साउथॉलला एका पंजाबी कुटुंबाच्या वरच्या खोलीत राहायचो. जुलैमध्ये तिथल्या एका पबमध्ये गाण्याचा कार्यक्रम होता, बसगाड्या भरभरून स्किनहेड, म्हणजे डोकी भादरलेली वर्णद्वेषी पोरं आली, संध्याकाळपर्यंत दगडफेक, रात्री पब जळाला. मी खिडकीचे पडदे ओढून अंधारात उपमा खाल्ला. त्या लोकांकडे युनियन जॅक, म्हणजे सगळ्या ब्रिटनचा झेंडा होता, लाल क्रॉस नव्हे, पण मला तेव्हा फरक कुठे कळत होता, माझ्या डोक्यात झेंडा म्हणजे दगड एवढंच बसलं. आणि ते बसलं ते पंधरा वर्षं.

१९९६ ला फुटबॉलचा युरो कप इथेच होता. लोकांच्या हातात युनियन जॅकऐवजी लाल क्रॉस दिसायला लागला तो तेव्हापासून, १९६६ च्या वर्ल्ड कप फायनलचे फोटो बघ, सगळीकडे युनियन जॅकच आहे. जर्मनीबरोबरच्या सेमीफायनलच्या दिवशी माझा मुलगा, नऊ वर्षांचा, शेजारच्या बाईंकडून तोंडावर लाल क्रॉस रंगवून आला. मी त्याला स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी उभा केला आणि भांड्याच्या स्पंजने त्याचं तोंड पुसलं. रडला नाही. पाणी गुलाबी झालं, मग फिकट गुलाबी, तो नुसता त्या पाण्याकडे बघत होता. नंतर पेनल्टी हुकली तेव्हा सगळी गल्ली एकदम ओरडली आणि आमचं घर गप्प. आज तो चाळिशीला आलाय, कुठला म्हणून विचारलं की 'लंडनजवळचा' म्हणतो, त्यापुढे काही नाही. मला माहितीय हे 'लंडनजवळचा' कुठून आलं.

माझी चूक झाली. पण मला भित्रा म्हणू नकोस, कारण ज्याने ती बसगाडी पाहिली नाही त्याने मला शिकवू नये, आणि तेव्हा आपल्यातल्या कोणीही वेगळं केलं नसतं. असं मी गेली तीस वर्षं स्वतःला सांगतोय. ते खरंही आहे. तरी स्पंज माझ्याच हातात होता.

तर खुर्च्या. तेरा-चौदा वर्षांपूर्वी, शेजारच्याच त्या बाई, तेव्हा ऐंशीच्या पुढच्या, म्हणाल्या चर्चच्या हॉलमध्ये २३ एप्रिलला जेवण असतं, याल का. गेलो. आत चार म्हाताऱ्या, एक गरम पाण्याचा भलामोठा डबा, आणि भिंतीला लावून ठेवलेल्या चाळीस खुर्च्या, प्लॅस्टिकच्या, एकात एक अडकलेल्या. त्यांच्याने उचलवत नव्हत्या. मी कोट काढला आणि मांडल्या. एवढंच. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला फोन करून विचारलं, जॉर्ज कधी करायचा, कारण तेवीस तारीख ईस्टरच्या आसपास आली की चर्च तो दिवस पुढे ढकलतं, २०२५ ला तर २८ एप्रिलला गेला होता. शिवजयंती तिथीने की तारखेने हे भांडण ऐकत वाढलेला माणूस मी, मला इतकं घरच्यासारखं वाटलं म्हणून सांगू!

तिसऱ्या वर्षी एक गृहस्थ आले, कोटाला गुलाब लावलेला, मला म्हणाले तुम्ही इथे कसे, हा आमचा दिवस आहे. मला काही सुचलं नाही. सुचलं असतं तरी बोललो नसतो बहुतेक. ते जेवून उठले, मी कप धुतले. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले आणि न बोलता पुसायचं फडकं घेऊन बाजूला उभे राहिले. अजून फारसं बोलत नाहीत, पण कप कुठल्या कपाटात जातात ते आता आम्हा दोघांनाच माहितीय. तो दिवस त्यांचा आहे हे त्यांनी सांगितलं, माझा आहे हे मला कोणी सांगितलं नाही, खुर्च्या मी मांडल्या म्हणून झाला.

बाबांचं 'ब्रिटिश म्हण आणि मोकळी हो' मला कळतं. पासपोर्टवर तेच आहे. मराठीत तर आणखीनच अडचण, 'मी इंग्रज आहे' म्हणून बघ एकदा मोठ्याने, शाळेतल्या इतिहासाचं पुस्तक अंगावर येतं. पण माझ्या भाच्याची मुलं ग्लासगोत वाढली, किल्ट घालून लग्नाला आली, आम्ही स्कॉटिश म्हणतात आणि कोणी भुवई उंचावत नाही. त्यांना पार्लमेंट आहे, सेंट अँड्र्यूची सुट्टी कायद्यात आहे. इथे इंग्लंडला स्वतःचं पार्लमेंट नाही, तेवीस तारखेला सुट्टी नाही, मॅचच्या आधी गातात तेसुद्धा सगळ्या युनायटेड किंगडमचं गाणं. हॉल मोठा आहे आणि खुर्च्या भिंतीला लावलेल्या आहेत, मग शिडीवाला येतो आणि त्याला वाटेल ते टांगून जातो. तू आली नाहीस तर तो हॉल रिकामा राहणार आहे का? २०२१ ची युरो कपची फायनल आठव, तू लहान होतीस, पेनल्टी हुकलेल्या तीन काळ्या पोरांना काय काय शिव्या दिल्या गेल्या, मँचेस्टरला त्यातल्याच रॅशफोर्डचं भिंतीवरचं चित्र खराब केलं. आणि दुसऱ्याच दिवशी लोक कागदाची हृदयं, झेंडे, चिठ्ठ्या घेऊन आले आणि ती भिंत झाकून टाकली. लाल क्रॉससुद्धा चिकटवला होता त्यात. कोणीतरी घरून सेलोटेप घेऊन निघालं होतं ना.

आणि देवळातली पोर चर्चच्या परेडमध्ये कशी, हा प्रश्न मैत्रिणीने काढला असेल तर तिला सांग की तुमच्या स्काउटच्या शपथेत हिंदू मुलांसाठी 'माझा धर्म' हा शब्द घालून ठेवलेला आहे, ती शपथ तू चार वर्षांपूर्वी घेतलीस, तुझ्या आईने व्हिडिओ केलाय, मी पाहिलाय.

झेंडा धर असा हुकूम मी देणार नाही. मला हक्कच नाही, एका तोंडावरून तो मी पुसलाय. हातात घेऊन अंग शहारलं तर लीडरला परत दे, कोणी खाऊन टाकणार नाही. पण परेडला यायचं नाही आणि घरी बसून फोनवर चिंध्यांचे फोटो बघायचे, हे मला चालणार नाही, मग मात्र मी रागावेन.

परेड संपली की सगळे हॉलवर चहाला येतात, साठेक माणसं. मला आता गुडघ्यामुळे वाकवत नाही, गेल्या वर्षी अर्ध्या खुर्च्या त्या गुलाबवाल्यांनी मांडल्या आणि रांगा वाकड्या केल्या. तू सकाळी साडेआठला ये. मागच्या दाराला दोन कुलपं आहेत, वरचं उघडताना दार स्वतःकडे ओढायचं, नाहीतर किल्ली फिरत नाही. वरच्या चार खुर्च्या मोडक्या आहेत, त्या वेगळ्या काढ. गिनी मी खिशात घेऊन येतो.

काका