बर्लिनच्या ऑफरवर सही करण्याआधी

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाणेरला मुलांसाठी शैक्षणिक गेम्स करणाऱ्या स्टुडिओत सहा वर्षं, पुणे विद्यापीठाची बी.ई., घरी बायको आणि चार वर्षांची लेक. आता बर्लिनच्या बारा माणसांच्या स्टुडिओनं वर्षाला ५०,००० युरोंची ऑफर दिली आहे, आणि "ताई, जाऊ का?" असं तू विचारलंयस. मी २०१७ साली कोथरूडहून इथे आले आणि तेव्हापासून याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते: ये. फक्त सही करण्याआधी एका गोष्टीचं लेखी उत्तर घे. या स्टुडिओला पैसे कोण देतं, आणि कधीपर्यंत?

आपल्या धंद्यात खेळतं मूल आणि पैसे मोजतो दुसराच कोणीतरी. पुण्यात तो दुसरा म्हणजे बहुतेक वेळा पालक. ॲपचं सबस्क्रिप्शन आई-बाबा घेतात, शाळा घेतलीच तर खासगी. इथे बहुतेक मुलं सरकारी शाळेत जातात. शिक्षण हा केंद्राचा विषय नाही. १६ राज्यं, प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळा, आणि शाळेची इमारत-उपकरणं बघणार स्थानिक पालिका. म्हणजे दुसरीच्या गणिताचा एक गेम विकायचा तर किती दारं ठोठवायची, विचार कर. २०१९ मध्ये केंद्रानं शाळांच्या डिजिटलीकरणासाठी ५ अब्ज युरो काढले, करोनाच्या काळात आणखी दीड अब्ज घातले. तो पैसा मुख्यतः वायफाय, वर्गातले डिजिटल बोर्ड आणि टॅब्लेटवर गेला, आणि २०२४ मध्ये योजना संपली. त्या टॅब्लेटवर मुलांनी खेळायचं काय, याला त्यात फारसा वाटा नव्हता. म्हणून लहान स्टुडिओ म्युझियम, फाउंडेशन, मंत्रालयं, सार्वजनिक वाहिन्या यांच्या प्रकल्पांवर चालतात. प्रकल्प दीड-दोन वर्षांचा असतो, आणि तो संपला की पुढचा असेलच असं नाही.

माझ्या पहिल्या स्टुडिओत नेमकं हेच झालं. आम्ही अपूर्णांकांवर गेम करत होतो, दुसऱ्या टप्प्याचं अनुदान आलं नाही, आणि माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, पाच जणांना नोटीस मिळाली. माझा इथे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला होता. नवी नोकरी शोधायला परदेशी नागरिकांच्या कार्यालयानं तीन महिने दिले. दुपारी चारलाच दिवे लागायचे, आणि मी रोज अर्ज पाठवून पुण्याला फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणायचे. पगार त्यांनी वेळेवर दिला, पत्रही चांगलं दिलं. पण पैसे संपत आल्याचं त्यांना ऑक्टोबरपासून माहीत होतं आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही, हे मला अजून बोचतं. माझ्यामागे तेव्हा कुणी नव्हतं. तुझ्याबरोबर दोघी असणार आहेत.

तेव्हा सरळ विचार: सध्याच्या प्रकल्पाचा पैसा कुणाचा, तो कोणत्या महिन्यात संपतो, पुढच्यावर सही झाली आहे का? करार मुदतीचा आहे की कायम? पहिले सहा महिने प्रोबेशन असेल तर त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं, हेही धरून चाल. असं विचारलं तर त्यांना राग येईल, ही भीती सोड. इथे असं विचारणं शहाणपणाचं समजतात, आणि जो राग धरेल त्याच्याकडे न गेलेलंच बरं.

पगाराबद्दल. ब्लू कार्डासाठी, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या राहण्या-कामाच्या परवान्यासाठी, किमान वार्षिक पगाराची अट असते. २०२५ साली ती ४८,३०० युरो होती. टंचाई असलेल्या पेशांना ४३,७५९.८० चालत होतं, पण गेम डिझायनर त्यात बसतो की नाही हे अधिकाऱ्यावर सोडू नकोस. आकडा दर जानेवारीत बदलतो, म्हणून ५०,०००वर विसंबू नकोस. ५४,००० माग. हातात महिन्याला किती येतील हे कर-गटावर ठरतं: एकट्याला ५०,०००वर साधारण २,६०० ते २,७००, बायको कमावत नसेल आणि तू तिसऱ्या गटात गेलास तर ३,०००च्या आसपास. त्यातला निम्मा घराला जाईल असं समज. इथे "दोन खोल्यांचं घर" म्हणजे आपला वन बीएचके, आणि डिपॉझिट कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं. पहिलं तात्पुरतं घर घेताना पत्ता नोंदवण्यासाठी मालक कागद देणार का, ते आधी विचार. त्या नोंदणीशिवाय टॅक्स नंबर नाही, आणि टॅक्स नंबरशिवाय पहिला पगार भरमसाट कापून येतो.

आता भाषा. "ऑफिसची भाषा इंग्रजी आहे, मग जर्मन कशाला?" असं तू लिहिलंस. अरे, ऑफिसात इंग्रजी असेल, पण टॅब्लेट घेऊन बसलेली सात वर्षांची मुलगी इंग्रजी बोलत नाही. प्लेटेस्टच्या वेळी, म्हणजे मुलांना खेळायला देऊन गेम तपासताना, ती पुटपुटते ते तुला कळलं नाही, तर तू डिझायनर म्हणून अर्धाच उरतोस.

आणि इथेच तुझ्याकडे असं काहीतरी आहे जे त्यांच्याकडे नाही. पुण्यात असताना आम्ही पर्वतीच्या बाजूच्या एका शाळेत गेम तपासायला जायचो. "चोवीस" ऐकून मुलं ४२ लिहायची, कारण कानावर आधी चार येतो, मग वीस. पुढे बर्लिनमध्ये एका प्लेटेस्टला एका मुलीनं हेच केलं. जर्मनमध्ये चोवीस म्हणजे "फीअर-उंड-त्स्वान्त्सिश", चार-आणि-वीस. आमचा गेम आकडे डावीकडून भरून घ्यायचा. तिनं आधी ४ दाबला आणि गेमनं तिला चूक ठरवलं. तिला चोवीस येत होते! मी सुचवलं की दशक आणि एकक अशी दोन घरं करू, मुलानं कुठलंही आधी भरावं. जर्मन सहकाऱ्यांना ही अडचण जन्मापासूनच्या सवयीमुळे दिसत नव्हती. मला दिसली, कारण २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" आलं तेव्हाचा सगळा वाद मी इथून वाचला होता आणि गणित समितीच्या मंगला नारळीकरांचं म्हणणं मला पटलं होतं. नॉर्वेनं १९५१ मध्येच दशक आधी म्हणायचं ठरवलं. जर्मनीतही तशी मागणी करणारे लोक आहेत. स्टुडिओशी पुढचं बोलणं होईल तेव्हा हा विषय काढ, ते कान टवकारून ऐकतील.

इथे दशांशाला स्वल्पविराम, हजाराला टिंब, भागाकाराला फक्त दोन टिंबं. पुण्याहून आणलेली स्क्रीन जशीच्या तशी दाखवलीस तर शिक्षिका पहिल्या मिनिटाला परत करेल.

दुसरी सवय मोडावी लागेल ती डेटाची. मूल कुठे अडलं हे कळावं म्हणून आपण तिथे प्रत्येक स्पर्श नोंदवत होतो. इथे मे २०१८ पासून युरोपचा डेटा कायदा लागू आहे, आणि अशा ॲपवर १६ वर्षांखालच्या मुलाच्या संमतीला पालकांची साथ लागते. आम्ही मुलाचं नाव घेतच नाही. शिक्षिका एक कोड देते, प्रगती शक्यतो टॅब्लेटवरच राहते. सुरुवातीला हात बांधल्यासारखे वाटले, पण त्यामुळे मी आकड्यांऐवजी मुलांच्या शेजारी बसून बघायला लागले. मला वाटतं माझे गेम्स त्यामुळेच सुधारले.

व्हिसाला सहा महिने असतील तर उद्याच रानडे इन्स्टिट्यूटला किंवा बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवनात चौकशी कर. जर्मनची बी-वन (मधली) पातळी झाली तर ब्लू कार्डावर २१ महिन्यांत कायमचा परवाना मागता येतो, नुसत्या ए-वनवर (पहिल्या पातळीवर) २७. एकदा तो हातात आला की स्टुडिओचं अनुदान बंद पडलं तरी तुमचं घर हलत नाही. मला हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

बायकोला ब्लू कार्डवाल्याची जोडीदार म्हणून आधी जर्मन परीक्षा लागत नाही, आणि ती कुठेही नोकरी करू शकते. लेकीसाठी बर्लिनमध्ये बालवाडीला २०१८ पासून फी नाही, जेवणाचे महिन्याला २३ युरो. जागा मिळणं मात्र अवघड, घर ठरताच अर्ज कर. शिवाय मुलामागे सरकारचा भत्ता मिळतो, २०२५ मध्ये महिन्याला २५५ युरो.

स्टुडिओचं उत्तर आलं की करार मला पाठव, मी वाचून देते. आणि निघताना बालभारतीची पहिली-दुसरीची गणिताची पुस्तकं सामानात टाक. लेकीला लागतीलच, आणि प्लेटेस्टच्या आदल्या रात्री तुलाही. माझ्याकडच्यांची पानं सुटली आहेत, एक संच माझ्यासाठीही आण.